न्यूटनची शाळा दाखवून दहा वर्षांच्या पोरांची चाळण करू नका

जानेवारी २०२५ पासून इंग्लंडमधल्या खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट बसला आणि तेव्हापासून इथल्या आपल्या मराठी लोकांच्या गप्पांमधे ग्रामर स्कूल हा विषय काही केल्या संपत नाहीये. गणपतीला भेटा नाहीतर दिवाळीला भेटा, कुणाच्या पोराची इलेव्हन प्लस कधी आहे, ट्यूशन कुठली लावली, घर केंटमधे घ्यावं की बकिंगहॅमशायरमधे, हेच चालू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ग्रामर स्कूल म्हणजे सरकारी, बिनफीची, पण अकराव्या वर्षाच्या आसपास इलेव्हन प्लस नावाची परीक्षा घेऊन मुलं निवडणारी माध्यमिक शाळा. अशा १६३ शाळा आता इंग्लंडमधे उरल्यात आणि १९९८ च्या कायद्याने नवीन काढायला बंदी आहे. ही बंदी उठवा, गावोगाव ग्रामर स्कूल परत आणा, असा आपल्यातल्या बऱ्याच जणांचा सूर असतो. आणि पुरावा म्हणून हमखास एका गावाचं नाव येतं, ग्रँथम. न्यूटन तिथे शिकला, मार्गारेट थॅचर तिथे शिकली, एका वाण्याची मुलगी पंतप्रधान झाली, अजून काय पाहिजे? समोरचे लोक यावर म्हणतात की ग्रामरवाले सगळे उच्चभ्रू, त्यांना फक्त आपल्या पोरांची पडलीये. झालं, वाद तिथेच फिरत राहतो. त्याच गावात दुसरी एक शाळा असते, जिथे परीक्षेत न बसलेली आणि नापास झालेली सगळी मुलं जातात, तिचं नावसुद्धा कुणी काढत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. छोट्या गावातली पोरं दहाव्या-अकराव्या वर्षी एका परीक्षेने दोन शाळांत वाटणं चूक आहे, ते बंद व्हायला पाहिजे, आणि ग्रँथमच्या शाळेचा जो इतिहास ग्रामर स्कूलच्या बाजूने सांगितला जातो तो नीट वाचला तर नेमका उलट्या बाजूने साक्ष देतो.

ग्रँथम हे लिंकनशायरमधलं बाजारपेठेचं गाव, लोकसंख्या ४०-४५ हजार. सेंट वुल्फ्रम चर्चचा उंच मनोरा लांबून दिसतो आणि चर्चच्या अगदी शेजारी द किंग्ज स्कूल. शाळा तशी आधीपासूनची, पण जवळच्या रॉप्सली गावात जन्मलेला बिशप रिचर्ड फॉक्स याने १५२८ साली तिला नव्याने उभं केलं, पुढे १५५३ मधे सहाव्या एडवर्डची सनद मिळाली, म्हणून किंग्ज. जुनी शाळेची खोली अजून उभी आहे, दगडी, आणि तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर न्यूटनचं नाव कोरलेलं आहे, त्यानेच पोरवयात कोरलं असं मानतात. या एका कोरलेल्या नावावर अख्खा युक्तिवाद उभा केला जातो की बघा, गावातली शाळा हुशार मुलाला कुठपर्यंत नेऊ शकते.

आता न्यूटनचं शाळेत प्रत्यक्षात काय झालं ते बघू. तो वूल्सथॉर्पचा, शाळेपासून ७-८ मैल, त्यामुळे ग्रँथममधे क्लार्क नावाच्या औषधं विकणाऱ्याच्या घरी राहायचा. शाळेत आला १२ व्या वर्षी, आणि वर्गात सुरुवातीला पार तळाला होता. पुढे म्हातारपणी त्यानेच सांगितलेली आठवण अशी की वर्गात त्याच्या वरच्या नंबरवर असलेल्या एका पोराने शाळेत जाताना त्याच्या पोटात लाथ मारली, शाळा सुटल्यावर याने त्याला चर्चच्या आवारात गाठून बदडला, वर कान धरून त्याचं नाक चर्चच्या भिंतीवर घासलं, आणि मग ठरवलं की आता अभ्यासातही याला मागे टाकायचं. तिथून तो पहिला आला. त्यानंतर १६ व्या-१७ व्या वर्षी आईने त्याला शाळेतून काढून शेतीला लावला, शेतीत त्याचं लक्ष नाही, मेंढरं भलतीकडे जायची. तेव्हा मामा आणि हेडमास्तर हेन्री स्टोक्स हे दोघं आईच्या मागे लागले, स्टोक्स म्हणाला बाहेरगावच्या मुलांना लागणारी ४० शिलिंगची फी मी माफ करतो पण पोराला परत पाठवा. तो परत आला आणि १६६१ मधे केंब्रिजला गेला.

यात इलेव्हन प्लस कुठे आहे? जो मुलगा १२ व्या वर्षी वर्गाच्या तळाला होता तो आजची परीक्षा त्या वयात पास झाला असता याची खात्री कोण देणार? त्याला वाचवलं ते तीन गोष्टींनी. गावात शाळा होती आणि तिने त्याला दारात अडवलं नाही. उशिरा जाग आली तरी त्याच शाळेत वर चढायला वाट होती. आणि एका मास्तरने त्याला ओळखलं, तेही अनेक वर्षं डोळ्यासमोर बघून, नुसते दोन पेपर तपासून नाही. आजच्या लिंकनशायरमधे सहावीच्या सुरुवातीला दोन पेपर होतात, एक शब्दांच्या कोड्यांचा आणि एक आकृत्यांचा, वयाप्रमाणे गुण जुळवून घेतले की २२० ला रेषा आणि साधारण वरचे २५ टक्के आत. बाकीचे ७५ टक्के दुसरीकडे.

हे आकृत्यांचे पेपर ज्यांनी बघितले नसतील त्यांनी एकदा बघावेत. आमच्या ओळखीच्या एका घरी नऊ वर्षांचा मुलगा डायनिंग टेबलवर बसलेला असतो, पुढ्यात सरावाचं पुस्तक, शेजारी मोबाईलवर स्टॉपवॉच लावलेलं. पाच चौकोन, प्रत्येकात एक काळा ठिपका आणि एक बाण, ठिपका घड्याळाच्या दिशेने सरकतोय, बाण उलट, यातला वेगळा कुठला. एका प्रश्नाला अर्धं मिनिट. आई पोळ्या करता करता मागे वळून विचारते, किती झाले रे? पोरगं चांगलं हुशार आहे, त्याला किडे-मुंग्यांचं वेड आहे, पण आता वर्षभर किडे बंद, नुसते ठिपके आणि बाण. हे कौशल्य सरावाने वाढतं, म्हणून तर ट्यूशनवाले आहेत, आणि ज्या घरात ट्यूशनला पैसे नाहीत किंवा असं काही लावायचं असतं हे माहीतच नाही त्या घरातलं पोर याच परीक्षेला कोरं जाऊन बसतं. २०१६ मधे तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी नव्या ग्रामर स्कूल काढायचं ठरवलं तेव्हा जी आकडेवारी सगळ्यांसमोर आली त्यात हेच दिसलं, गरिबीमुळे शाळेत मोफत जेवण मिळणारी मुलं ग्रामरमधे सुमारे ३ टक्के, आणि एकूण सरकारी माध्यमिक शाळांत १३-१४ टक्के. गरिबांची शिडी म्हणतात ती हीच का?

थॅचरबाईंचं उदाहरण आणखी बारकाईने बघायला हवं. त्या किंग्जमधे नव्हत्याच, असू शकत नव्हत्या, कारण ती मुलांची शाळा, आजही मुलांचीच. गावातल्या मुलींसाठी केस्टेव्हन अँड ग्रँथम गर्ल्स स्कूल निघाली ती १९१० साली. म्हणजे फॉक्सच्या वेळेपासून धरलं तरी जवळजवळ ४०० वर्षं अर्धं गाव या थोर इतिहासाच्या बाहेर उभं होतं. मार्गारेट रॉबर्ट्स (हे थॅचरबाईंचं माहेरचं नाव) १९३६ मधे तिथे स्कॉलरशिप मिळवून गेल्या, तेव्हा ती फीची शाळा होती आणि काही जागा मोफत. वडील दुकानदार खरे, पण गावातलं वजनदार माणूस, पुढे मेयर झाले. ऑक्सफर्डला लागणारं लॅटिन झालेलं नव्हतं, ते वेगळी शिकवणी लावून घाईघाईने करावं लागलं. त्या हुशार होत्या, कष्टाळू होत्या, यात वादच नाही. पण ज्या मुलीच्या बापाला ती शिकवणी परवडली नसती तिचं काय झालं असतं?

आणि याच बाई १९७० ते १९७४ शिक्षणमंत्री असताना त्यांनी काय केलं? आल्या आल्या आधीच्या लेबर सरकारचं, सगळीकडे कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे सर्वांसाठी एकच शाळा करा सांगणारं १९६५ चं परिपत्रक त्यांनी मागे घेतलं, पण त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून एकत्रीकरणाच्या ज्या योजना येत राहिल्या त्यातल्या बहुसंख्य योजना त्यांनीच मंजूर केल्या. का? कारण मागणी फक्त डाव्यांची नव्हती. ज्या मध्यमवर्गीय घरांतली मुलं इलेव्हन प्लसमधे नापास होत होती ते पालकही वैतागले होते. ग्रँथमच्या शेजारचा लेस्टरशायर जिल्हा, तिथे १९५७ मधेच, हे परिपत्रक निघायच्या ८ वर्षं आधी, इलेव्हन प्लस काढून टाकायचा प्रयोग सुरू झाला होता. ग्रामर स्कूल कुणीतरी लंडनमधे बसून द्वेषापोटी मारल्या हे सांगायला सोपं आहे, पण तसं झालेलं नाही.

आता माझ्या मते इतिहासाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो या वादात कुणीच आणत नाही. अशा जुन्या गावशाळांपैकी कितीतरी मुळात देणगीवर चालणाऱ्या, गावातल्या मुलांना लॅटिन-ग्रीक फुकट शिकवण्यासाठी काढलेल्या होत्या, ग्रामर हे नाव त्या लॅटिन व्याकरणावरूनच. पुढे व्यापारी लोकांना लॅटिनऐवजी हिशोब आणि फ्रेंच हवं झालं तर १८०५ मधे लीड्सच्या खटल्यात न्यायाधीश लॉर्ड एल्डनने सांगितलं की देणगीचा पैसा जुन्या भाषांसाठीच आहे. कायदा बदलायला १८४० उजाडलं. तोपर्यंत अनेक गावांत शाळा नुसत्या नावाला उरल्या होत्या. मग १८६४ ते १८६८ टॉन्टन आयोग बसला, त्याने इंग्लंडभरच्या देणगी शाळा तपासल्या आणि उपाय सुचवला: माध्यमिक शाळांच्या तीन पायऱ्या करा. पहिलीतली मुलं १८-१९ पर्यंत शिकतील, दुसरीतली १६ पर्यंत, तिसरीतली १४ पर्यंत, आणि कुणी कुठे जायचं हे उघडउघड बापाच्या ऐपतीवर. १८६९ च्या कायद्यानंतर अनेक शाळांत गावातल्या गरीब पोरांच्या मोफत जागा काढल्या गेल्या, त्याऐवजी फी आणि स्पर्धा परीक्षा आली. कारण काय दिलं? गुणवत्ता. फुकट जागा लायक मुलालाच मिळावी. ऐकायला किती रास्त. पण परीक्षेची तयारी करून घेणारे चांगले मास्तर कुणाला परवडत होते? जी जागा गावच्या चांभाराच्या पोराची होती ती वकिलाच्या पोराने परीक्षेत जिंकून घेतली, आणि आता तिला त्याची कमाई म्हणायला लागले.

१९०७ पासून सरकारी अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांना साधारण चौथा हिस्सा जागा प्राथमिक शाळांतल्या मुलांसाठी मोफत ठेवायला लावलं, तेव्हा गरिबांना थोडीफार वाट परत उघडली. १९४४ च्या कायद्याने फी गेली, हे फार मोठं काम झालं, पण लगेच ग्रामर, टेक्निकल आणि बाकीच्या सगळ्यांसाठी सेकंडरी मॉडर्न अशा तीन प्रकारच्या शाळांची रचना आली, तीच टॉन्टनची तीन पायऱ्यांची कल्पना, ऐपतीच्या जागी बुद्ध्यांक घालून. टेक्निकल शाळा फारशा निघाल्याच नाहीत, उरल्या दोन. एखाद्या जिल्ह्यात दहातल्या एकालाच ग्रामरची जागा, दुसऱ्या जिल्ह्यात तिघा-चौघांना, म्हणजे तेवढीच बुद्धी असलेला मुलगा एकीकडे पास आणि पलीकडे नापास. मुलींच्या जागा कमी म्हणून काही ठिकाणी मुलींना मुलांपेक्षा जास्त गुण लागायचे, हे प्रकरण बर्मिंगहॅमच्या बाबतीत १९८९ मधे हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि तिथे तो भेदभाव ठरला. सेकंडरी मॉडर्नमधली बहुतेक पोरं पंधराव्या वर्षी कुठलंही सर्टिफिकेट हातात न घेता बाहेर पडली. आणि ज्यांना शिडी मिळाली म्हणतात त्यांचं? १९५४ च्या सरकारी अहवालातच आलंय की कामगारांची मुलं ग्रामरमधे शिरली तरी त्यातली बरीच मधेच शाळा सोडत होती.

समोरच्यांच्या ज्या मुद्द्यांत दम आहे ते मी मान्य करतो. पहिला, १९६४ पासून १९९७ पर्यंतचे सगळे पंतप्रधान, विल्सनपासून मेजरपर्यंत, सरकारी शाळांतले, आणि नंतर ब्लेअर, कॅमेरॉन, जॉन्सन, सुनक हे महागड्या खासगी शाळांतले, हे खरंय आणि ते बोचतं. दुसरा, एकत्रीकरण आलं तेव्हा काही चांगल्या ग्रामर स्कूल सरकारी यंत्रणेतून बाहेर पडून फीच्या झाल्या, २०२४ मधे पंतप्रधान झालेले स्टार्मर यांचीच रायगेटची शाळा १९७६ मधे तशी झाली, म्हणजे गरीब मुलासाठी होती ती वाटही बुजली. तिसरा आणि सगळ्यात वजनदार, की कॉम्प्रिहेन्सिव्हसुद्धा निवड करतेच, घराच्या किमतीवर. चांगल्या शाळेच्या कॅचमेंटमधे, म्हणजे प्रवेशाच्या हद्दीत, घर महाग, मग परीक्षेपेक्षा हे बरं कसं? परीक्षेला निदान मेहनत तरी लागते.

पण मोठे लोक कुठून आले हे मोजताना जे कधी आलेच नाहीत ते कोण मोजणार? युद्धानंतरच्या ३० वर्षांत इंग्लंडमधे ऑफिसातल्या, सरकारी, डॉक्टरी-इंजिनिअरिंगच्या जागाच प्रचंड वाढल्या, त्या भरायला खालून माणसं वर यावीच लागली, ते श्रेय एकट्या ग्रामर स्कूलला देणं म्हणजे पाऊस पडला म्हणून छत्रीचे आभार मानण्यासारखं आहे. फीच्या झालेल्या शाळांबद्दल माझीही तक्रार आहे, पण ती त्या शाळांना तसं जाऊ देणाऱ्यांबद्दल आहे, सगळ्यांना एकत्र शिकवण्याबद्दल नाही. आणि घराच्या किमतीचा मुद्दा लंडनला, मँचेस्टरला लागू आहे, तिथे उपाय वेगळे, ब्रायटनने २००८ पासून गर्दीच्या शाळांना प्रवेशासाठी चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली तसे. छोट्या गावात मात्र हा मुद्दाच गळून पडतो! गावात सगळ्यांची एकच शाळा असेल तर कॅचमेंट म्हणजे अख्खं गाव. वकिलाचं पोर, ट्रक ड्रायव्हरचं पोर, वेअरहाउसमधे काम करणाऱ्या पोलिश बाईचं पोर, सगळी एकाच गेटमधून आत. एवढी सहज मिळणारी गोष्ट परीक्षा लावून आपण स्वतःहून मोडतो.

यॉर्कशायरमधल्या रिपनमधे जाऊन बघा. जेमतेम १६-१७ हजार वस्तीचं गाव, १५५५ ची सनद सांगणारी ग्रामर स्कूल, आणि त्याच क्लोदरहोम रोडवर दुसरी शाळा. एकाच रस्त्यावर दोन युनिफॉर्म. २००० साली तिथे पालकांचं मतदान झालं, ग्रामर राहू द्यायची का, आणि साधारण दोनास एक मतांनी राहू द्यायची ठरली. ग्रामरवाले हे नेहमी सांगतात आणि त्यांना तो हक्क आहे, लोकांनी कौल दिलाय. पण मत कुणाला होतं? ज्या प्राथमिक शाळांतून मुलं ग्रामरला जातात त्यांच्या पालकांना, म्हणजे ज्यांची आशा अजून शिल्लक होती त्यांना. ज्यांची पोरं आधीच दुसऱ्या शाळेत होती त्यांना त्या मोठ्या मुलाच्या नात्याने मतच नव्हतं.

हुशार मूल सगळ्यांबरोबर बसून मागे पडतं, हीसुद्धा आपल्या लोकांची खरी भीती आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण इथल्या कॉम्प्रिहेन्सिव्हमधे विषयवार सेट, म्हणजे पातळीप्रमाणे गट, असतात. गणिताच्या वरच्या सेटमधलं पोर इंग्रजीच्या मधल्या सेटमधे असू शकतं, आणि पुढच्या वर्षी हलू शकतं. वाटणी लागतच असेल तर ती बदलता येणारी हवी. उशिरा जागं होणारं पोर, म्हणजे ग्रँथमचा तो तळाचा मुलगा, त्याला हलायला जागा हवी.

आपल्याकडे हा वाद नवीन नाही. १८८२ मधे, टॉन्टनच्या अहवालाला १५ वर्षंही झाली नव्हती, जोतीराव फुल्यांनी शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. वरच्या थोड्यांना उत्तम शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, ही इंग्रजांची समजूत त्यांनी खोडून काढली. कर भरतो शेतकरी-कष्टकरी आणि तो पैसा जातो कुणाच्या शिक्षणावर, हा त्यांचा सवाल होता, आणि निदान १२ वर्षांपर्यंत सर्वांना सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्या ही मागणी होती. हे ज्यांच्या घरात वाचलं जातं ते लोक इंग्लंडमधे आल्यावर वरच्या २५ टक्क्यांचीच बाजू घेतात हे मला पटत नाही. यावर कुणीतरी लगेच नवोदय विद्यालयाचं नाव काढतं, सहावीला परीक्षा घेऊनच प्रवेश देतात की! बरोबर, पण १९८६ पासूनच्या त्या योजनेत निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत, म्हणजे ज्यांच्या वाट्याला काही येत नाही त्यांच्यासाठी राखून मग परीक्षा. इथे राखीव काहीच नाही आणि परीक्षा ट्यूशनच्या बाजूने झुकलेली. तरीही एका जिल्ह्यातली काही डझन मुलं नवोदयला नेली म्हणून बाकीच्या जिल्हा परिषद शाळांचा प्रश्न सुटला का, हे विचारावंच लागतं.

मग तुझं पोर असतं तर तू ग्रामरला पाठवलं नसतं का, असं मला विचारतात. आई-बापाला दोष देणं मला मंजूर नाही. समोर दोन दारं ठेवली आणि एक उघडउघड चांगलं असेल तर कुणीही पोराला त्याच दारात उभं करणार. दोन दारं कायद्याने ठेवलीयेत, तिथे हात घालायला पाहिजे. ग्रँथमच्या दोन्ही जुन्या शाळा राहू द्या, नावं, इमारती, ती कोरलेली खिडकी, सगळं राहू द्या, फक्त अकराव्या वर्षीची परीक्षा काढा, गावातल्या बाकीच्या शाळांबरोबर प्रवेश एकत्र करा, चांगल्या मास्तरांना आणि प्रयोगशाळांना सगळ्यांसाठी खुलं करा. लेस्टरशायरने केलं तसं टप्प्याटप्प्याने. १९९८ च्या कायद्यात त्यासाठी मतदान मागायची सोय आहे, पात्र पालकांपैकी २० टक्क्यांच्या सह्या लागतात, आणि इतक्या वर्षांत रिपन सोडून कुठेही तेवढ्या सह्या जमून मतदान झालेलं नाही. नियमच इतके किचकट आहेत की काम करून घर चालवणारे पालक त्या वाटेला जातच नाहीत. पार्लमेंटने आधी हा आकडा खाली आणावा आणि दुसऱ्या शाळेतल्या पोरांच्या आई-बापांनाही मत द्यावं. खासदाराला पत्र लिहायला आपल्यातल्या कुणालाही अडचण नाही, इंग्रजी येतं, पद्धत माहीत आहे, व्हॅटवर तर आपण किती जणांनी लिहिलं. यावरही लिहा.